मुद्दा क्रमांक नऊ

‘बुलेट’ म्हटलं की आमच्या होस्टेलवर प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर ती धडधडणारी गाडी येते. माझ्या डोळ्यांसमोर मात्र एक आजी येते. आता बुलेटचा आणि आजीचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. तेच सांगतो.

डिसेंबरात आमचं एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर होतं, पानशेतच्या रस्त्याला आत वसलेल्या एका गावात. दिवसभर श्रमदान आणि संध्याकाळी घरोघरी जाऊन विचारायचं, ‘गावाला काय हवंय?’ त्याची यादी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत द्यायची, असं सरांनी ठरवलं होतं. यादी टाइप कोण करणार म्हटल्यावर सगळ्यांची बोटं माझ्याकडे वळली. कारण सबमिशनच्या वेळी अख्ख्या विंगच्या फायली मीच ‘सुंदर’ करून देतो!

शेवटच्या संध्याकाळी आम्ही वरच्या वस्तीवर गेलो. तिथे एका आजीनं आम्हा पाच जणांना तांब्याभर पाणी दिलं. आम्ही घटाघट प्यायलो. नंतर कळलं, तो हंडा तिनं ओढ्यावरून डोक्यावर आणला होता. पुण्याला पाणी पुरवणारी पानशेत, खडकवासला ही धरणं याच पट्ट्यात, आणि इथे ही तऱ्हा. धायरीत टँकर तासभर उशिरा आला तर आपण होस्टेल डोक्यावर घेतो! मी वहीत लिहिलं : वरच्या वस्तीला नळ. त्याखाली दोन रेघा मारल्या.

धायरीला परत आलो आणि एका रात्री वर्ड उघडून बसलो. एकूण चौदा मुद्दे. साधे काळे ठिपके मला कसे चालणार? ‘डिफाइन न्यू बुलेट’मध्ये गेलो, ‘सिम्बॉल’ दाबलं, फाँट निवडला विंगडिंग्ज. तिथे नुसता खजिना आहे. शाळेच्या मुद्द्याला उघडं पुस्तक, रस्त्याला बाण, पाण्याला चक्क थेंब! एकेक बुलेट हातानं लावली, रंगवली, स्पेसबार दाबून दाबून अंतरं जुळवली. रात्रीचे दोन वाजले. फाइल सरांना पाठवली आणि शाबासकीची वाट बघत झोपलो.

सकाळी सरांचा फोन. “अरे, हे डबे डबे काय पाठवलेस?” सरांनी फाइल मोबाइलवर उघडली होती. बुलेटच्या जागी कुठे रिकामा चौकोन, कुठे भलतंच अक्षर. पुस्तक गेलं, थेंबही गेला.

त्याचं कारण मला तेव्हा कळलं. विंगडिंग्जमधला थेंब म्हणजे खरं तर इंग्रजी कॅपिटल एसच्या जागी बसवलेलं चित्र. बरोबरची खूण बसते ती डोक्यावर दोन टिंबं असलेल्या यूच्या जागी. समोरच्याकडे तो फाँट नसला की चित्र गायब, आणि खाली काय उरेल ते नशीब. आपल्या आधीच्या पिढीनं मराठीत नेमकं हेच भोगलंय. डीटीपीवाल्याकडे एक फाँट आणि आपल्याकडे दुसरा, की ‘महाराष्ट्र’चा पार कचरा व्हायचा. युनिकोड आलं आणि अक्षरांना स्वतःचा क्रमांक मिळाला, तेव्हा कुठे ते थांबलं. साध्या गोल ठिपक्यालाही युनिकोडमध्ये असा स्वतःचा क्रमांक आहे. ज्याला मी गावंढळ समजत होतो, तोच बिचारा सगळीकडे टिकतो.

प्रिंट काढायला धायरी फाट्यावरच्या झेरॉक्सवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, “बाळा, ही लग्नाची पत्रिका आहे का? सभेत लोक काय म्हणणार, तो पुस्तकवाला मुद्दा घ्या? आकडे टाक की!”

पटलं. सगळा मजकूर सिलेक्ट केला, बुलेट काढून नंबर दिले. आकडे इंग्रजी आले, ते ‘डिफाइन न्यू नंबर फॉरमॅट’मध्ये जाऊन १, २, ३ केले. वर सरपंचांच्या नावानं पत्र जोडलं : ‘मुद्दा क्रमांक ९ सर्वांत तातडीचा आहे.’ प्रिंट द्यायच्या आधी लक्षात आलं, रस्त्यावरच्या दिव्यांचा मुद्दा दोनदा आलाय. एक उडवला. खालचे आकडे आपोआप वर सरकले. वर्ड किती हुशार, म्हणून मी खूश!

२६ जानेवारी. झेंडावंदन झालं, सभा भरली. भाऊसाहेबांनी पत्र वाचलं, यादीत बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “तातडीचा मुद्दा, क्रमांक नऊ. व्यायामशाळेत आरसे बसवणे.”

सभा हसली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. कडेला बायकांत ती आजी बसली होती. ती हसली नाही. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, “आमच्या पान्याचं लिवलं न्हाई व्हय रं पोरा?”

मित्रहो, त्या क्षणी मला जमिनीनं गिळलं असतं तर बरं झालं असतं. पाणी लिहिलं होतं, आठव्या क्रमांकावर. यादीतला आकडा वर्डचा होता, तो सरकला. पत्रातला आकडा माझ्या हातचा होता, तो तिथेच राहिला. सरांनी उठून चूक सांगितली, आठवा मुद्दा वाचायला लावला, आणि पत्रात पेनानं दुरुस्ती करून त्यावर माझी सही घेतली.

आता मी फायली ‘सुंदर’ करत नाही, नीट करतो. ‘लिस्ट बुलेट’ आणि ‘लिस्ट नंबर’ या तयार स्टाइल्स वापरतो. खूण, रंग, अंतर एकदाच तिथे बदलायचं, म्हणजे ऐंशी पानांच्या रिपोर्टमध्ये सगळीकडे बदलतं. स्पेसबारला हात लावत नाही. ज्यावर कुणी बोलणार, बोट ठेवणार, त्याला ठिपका नाही, आकडा. आणि मजकुरात ‘मुद्दा अमुक पाहा’ लिहायचं तर आकडा हातानं टाइप करायचा नाही, ‘क्रॉस-रेफरन्स’नं घालायचा. तरी तो लगेच बदलत नाही. प्रिंटच्या आधी कंट्रोल-ए आणि मग एफ नाइन दाबायचं, तेव्हा सगळे आकडे ताजे होतात. हे मी विंगमधल्या प्रत्येकाला सांगतो. ते ‘हो हो’ म्हणतात आणि सबमिशनच्या आदल्या रात्री पुन्हा माझं दार वाजवतात.

दुरुस्त यादी पंचायतीनं पुढे पाठवली. पोच सरांकडे आहे. नळ अजून आलेला नाही. पुढच्या शिबिराला आम्ही त्याच गावात जाणार आहोत, आणि यादी मीच टाइप करणार आहे. या वेळी क्रमांक एक कुणाचा, ते ठरलंय.