कोरपन्याच्या शिवारातील चांदी अस्वल

राजुरा मागे पडले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळ्या मातीतील कापूस सुरू होतो आणि गडचांदूरच्या आसपास सिमेंट कारखान्यांची धुराडी दिसू लागतात. आवारपूर, उपरवाही, गडचांदूर ही नावे कोरपना तालुक्यातील चुनखडीने देशभर पोहोचविली. दक्षिणेस माणिकगडचे डोंगर, त्यापलीकडे तेलंगण. व्यापारी घराण्यांना हा मुलूख रुई-सरकीच्या भावाने परिचित आहे. त्याच्या रात्रीच्या रहिवाशांशी मात्र ओळख बेताचीच.

चांदी अस्वल हा त्यांपैकी एक प्राणी. नाव अस्वलाचे, कूळ पाणमांजराचे. दोन-अडीच फुटांचे अंग, पोटाकडे काळेभोर, पाठीवर राखी-पांढरी झूल. नखांनी बीळ खणावे, उंदीर, सरडे, साप, कीटक खावेत, मधाचे पोळे फोडावे, असा याचा जीवनक्रम. प्रेते उकरतो या समजुतीने मात्र त्याला उगाच बदनाम केले.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाबरोबर त्याचेही नाव आहे. तथापि रानडुकरांसाठी बांधावर टाकलेली विजेची जिवंत तार जनावर ओळखून झटका देत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात तिने वाघही मारले आहेत. त्याशिवाय तारेचे फासे, विषाची आमिषे, रात्रीचे ट्रक आणि बिळांची जमीनच फोडणाऱ्या खाणी. बिनकठड्याच्या विहिरींत रानातली जनावरे पडतात, तीही सिमेंटच्या या तालुक्यात! मादीला बहुधा एकच पिल्लू होते. एक जीव गेला की ती जागा लवकर भरत नाही.

शेतकऱ्यावर सारा दोष टाकणे अन्यायाचे होईल. रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभे पीक लोळवितो. प्रश्न दुकानाच्या फळीपर्यंतही येतो. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य आहे, भूमी फोडण्याचे स्फोटकर्मही आहे. कृषी केंद्र चालविणाऱ्या घरात या शब्दांचा अर्थ पुस्तकी राहत नाही.

सौर कुंपणाचा झटका क्षणभराचा असतो. जनावर दचकून परतते, मरत नाही. जंगलालगतच्या गावांत त्यासाठी शासकीय अनुदानही मिळते. तारेचे भेंडोळे मागणाऱ्या गिऱ्हाइकाला ती तार कशासाठी हवी, हे विचारून अनुदानाची माहिती देणे गल्ल्यावर बसलेल्याला अवघड नाही.