एका रेपोची चार फोल्डरं

पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी बॅकएंडचं काम करते. आमचं उत्पादन बिलिंगचं आणि बऱ्यापैकी जुनं. त्याच्या दोन आवृत्त्या ग्राहकांकडे एकाच वेळी चालू असतात, तिसरी आमच्याकडे घडत असते, आणि तिन्ही एकाच गिट रेपोत वेगवेगळ्या ब्रँचवर नांदतात. अशा ठिकाणी हातातलं काम सलग पुरं होणं ही चैनच. करआकारणीचा नवा कोड उघडावा, दोन-चार फायली अर्ध्या बदलाव्यात, तेवढ्यात टीम लीडचा निरोप येतो, ‘‘अगं, प्रॉडक्शनवर इनव्हॉइसचं राउंड-ऑफ चुकतंय. हातातलं ठेव आणि आधी ते बघ.’’

हातातलं ठेवायचं कुठे, हाच तर प्रश्न. गिट वापरणाऱ्यांचा ठरलेला रिवाज असा: अर्धवट बदल स्टॅशमध्ये टाकायचे, प्रॉडक्शनच्या ब्रँचवर जायचं, दोष शोधून दुरुस्त करायचा, टेस्ट चालवायच्या, पुल रिक्वेस्ट पाठवायची, परत आपल्या ब्रँचवर यायचं आणि स्टॅश उघडायचा. मंद आचेवर शिजणारी भाजी उतरवून त्याच शेगडीवर पाहुण्यांचा चहा टाकावा, तसा हा प्रकार. चहा होतो, पण भाजीचं तंत्र बिघडतं.

ब्रँच बदलली की त्याच फोल्डरातल्या ढीगभर फायली एका क्षणात बदलतात. मी ईमॅक्स या एडिटरवर काम करते. उघड्या असलेल्या फाइलमध्ये एखादं अक्षर टाइप करायला जावं, तर तो अडवतो: डिस्कवरची फाइल बदललीय, तरी या बफरमध्ये लिहायचंय का? मागे चालू असलेला डेव्हलपमेंट सर्व्हर बदललेल्या फायली बघून स्वतःच पुन्हा सुरू होतो. जुना कोड आणि नव्या कोडसाठी बदललेली डेटाबेसची टेबलं समोरासमोर आली की तो एरर ओकत बसतो. स्टॅशची यादी वाढत जाते ती वेगळीच. तिथल्या नोंदीत आपण काही लिहिलं नाही, तर ब्रँचचं नाव आणि त्या वेळच्या शेवटच्या कमिटचा मथळा एवढंच दिसतं. आत काय ठेवलंय ते उघडल्याशिवाय कळत नाही. या सगळ्यात दुरुस्तीला लागतो अर्धा तास, आणि मूळ कामात पुन्हा डोकं घालायला त्याहून जास्त.

गिटमध्ये यावरचा उपाय बरीच वर्षं आहे. लायनस टोरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये गिट लिहिलं, आणि जुलै 2015 मध्ये आलेल्या 2.5 या आवृत्तीत ‘वर्कट्री’ ही आज्ञा दाखल झाली. रेपो एकच, पण त्याच्या ब्रँच एकाच वेळी वेगवेगळ्या फोल्डरांत उघडून ठेवायच्या, एवढंच ती करते. रेपो पुन्हा क्लोन केला तर सगळा इतिहास पुन्हा डिस्कवर येतो, आणि एका क्लोनमधलं कमिट दुसऱ्यात आणायला पुश-पुल करावं लागतं. वर्कट्रीत इतिहास एकाच जागी राहतो. नव्या फोल्डरात येतात त्या फक्त त्या ब्रँचच्या फायली. एका फोल्डरात केलेलं कमिट दुसऱ्या फोल्डरातून लगेच दिसतं.

हे चालतं कसं, ते एक फाइल उघडली की कळतं. नेहमीच्या रेपोत ‘डॉट गिट’ नावाचं फोल्डर असतं. जोडलेल्या वर्कट्रीत त्याच नावाची साधी टेक्स्ट फाइल असते आणि तिच्यात एकच ओळ: मूळ रेपोच्या डॉट गिटमधल्या ‘वर्कट्रीज’ या फोल्डरात आपली नोंद कुठे आहे, त्याचा पत्ता. त्या नोंदीत या फोल्डरापुरत्या गोष्टी राहतात. सध्या कोणती ब्रँच उघडी आहे हे सांगणारं ‘हेड’ तिथे, आणि कमिटसाठी निवडलेल्या बदलांचा ‘इंडेक्स’ही तिथेच. बाकी कमिट, ब्रँच, टॅग, हुक असं सगळं सामाईक.

टर्मिनलमध्ये ही आज्ञा वापरणारे लोक पुष्कळ आहेत. माझ्या रोजच्या सवयीत ती आली मात्र मॅजिटमुळे. मॅजिट म्हणजे ईमॅक्समधून गिट चालवणारं प्लगिन. ईमॅक्सच्या भाषेत पॅकेज. 2008 मध्ये मारियुस फोल्मर यांनी ते सुरू केलं आणि गेली कित्येक वर्षं योनास बेर्नुली ते सांभाळत आहेत. 2017 मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली, तेव्हा ईमॅक्सवाल्यांनी ती भरभरून दिली. हे पॅकेज रोज वापरणाऱ्याला त्याचं नवल वाटणार नाही.

मॅजिटच्या स्टेटस बफरमध्ये एकेका अक्षरावर एकेक काम असतं. स्मॉल झेडवर स्टॅश, कॅपिटल झेडवर वर्कट्री. कॅपिटल झेड दाबलं की खाली छोटा मेनू उघडतो. त्यात ‘बी’ म्हणजे असलेली ब्रँच नव्या फोल्डरात उघडायची, ‘सी’ म्हणजे ब्रँचही नवी आणि फोल्डरही नवं, ‘जी’ म्हणजे दुसऱ्या वर्कट्रीत जायचं, ‘के’ म्हणजे वर्कट्री काढून टाकायची. नवी ब्रँच कुठून फुटणार, तिचं नाव काय, फोल्डर कुठे, एवढी उत्तरं दिली की लगेच त्या फोल्डराचं स्टेटस बफर समोर येतं. राउंड-ऑफचा निरोप आला तरी करआकारणीच्या फायली आता जागच्या जागी उघड्या राहतात, कर्सर होता तिथेच असतो, चाललेल्या टेस्ट चालत राहतात. मी नुसती शेजारच्या फोल्डरात जाते.

माझी मांडणी साधी आहे. ‘बिलिंग’ नावाचं एक फोल्डर, आणि आत चार: ‘मेन’, ‘प्रॉड’, ‘फीचर’ आणि ‘रिव्ह्यू’. पहिली दोन कायमची. ‘फीचर’मध्ये चालू काम. ‘रिव्ह्यू’मध्ये सहकाऱ्यांच्या पुल रिक्वेस्ट येतात आणि जातात. दुसऱ्याचा कोड ब्राउझरमध्ये वाचणं वेगळं आणि तो आपल्या मशिनवर चालवून बघणं वेगळं. पूर्वी ब्रँच बदलायच्या कटकटीमुळे आम्ही बहुतेक जण नुसतं वाचून मंजुरी देत होतो. आता चालवून बघणं जड जात नाही. मला विचाराल तर सर्वांत मोठा फायदा इथेच झाला.

एकदा नव्यानं रुजू झालेला एक मुलगा शेजारी बसून माझी स्क्रीन बघत होता. त्यानं विचारलं, ‘‘मॅम, ही एकच फाइल तुम्ही दोनदा का उघडलीय?’’ डावीकडे आणि उजवीकडे ‘इनव्हॉइस.पीवाय’ हीच फाइल होती. मी त्याला खालची पट्टी दाखवली. डावीकडच्या नावापुढे टोकदार कंसात ‘प्रॉड’ होतं, उजवीकडे ‘फीचर’. एका नावाच्या दोन फायली उघडल्या की ईमॅक्स आपणहून फोल्डराचं नाव जोडून त्या वेगळ्या दाखवतो. मग ईमॅक्समधलं तुलनेचं साधन ईडिफ लावून दोन्ही फायलींतला फरक रंगांत दाखवला. ग्राहकाकडे चालणारं राउंड-ऑफ आणि आम्ही नव्यानं लिहिलेलं राउंड-ऑफ समोरासमोर. जुन्या कोडमध्ये प्रत्येक ओळीवर राउंड-ऑफ करून मग बेरीज होत होती, नव्यात आधी बेरीज आणि शेवटी एकदाच राउंड-ऑफ. इनव्हॉइसमध्ये ओळी वाढल्या की काही पैशांचा फरक कुठून येतो, ते त्याला न सांगता कळलं.

नवी वर्कट्री बनली तरी काम निम्मंच झालेलं असतं. गिट नव्या फोल्डरात आणतं त्या फक्त त्याच्या नोंदीतल्या फायली. पासवर्ड आणि सेटिंग असलेली ‘डॉट ईएनव्ही’ फाइल मुद्दामच गिटबाहेर ठेवलेली असते, म्हणून ती येत नाही. पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट येत नाही, नोडची मॉड्यूल्स येत नाहीत. सर्व्हर सुरू करावा तर पोर्ट आधीच दुसऱ्या फोल्डरातल्या सर्व्हरनं अडवलेलं. आणि सगळ्यांत चिवट भानगड डेटाबेसची. फोल्डर चार, पण डेटाबेस एकच. ‘फीचर’मध्ये मायग्रेशन चालवून टेबलात नवा कॉलम घातला की ‘प्रॉड’मधला कोड त्याच टेबलाशी बोलताना अडखळतो. पुष्कळ जण वर्कट्री वापरून बघतात आणि आठवडाभरात सोडून देतात, ते इथेच.

ईमॅक्स इथे उपयोगी पडला. त्याचा बराचसा भाग लिस्प या भाषेत लिहिलेला आहे आणि वापरणाऱ्याला तो चालू असतानाच बदलता येतो. कंट्रोल-एच, मग ‘के’, मग कोणतीही की दाबा. त्या कीमागचं फंक्शन कोणतं, त्याचं वर्णन काय, मूळ कोड कुठे, सगळं समोर येतं. मॅजिटची वर्कट्री बनवणारी फंक्शन्सही अशीच उघडी आहेत. त्यांच्या कोडला हात न लावता ‘ॲडव्हाइस’ या सोयीनं सांगता येतं, की तुझं काम झालं की माझं हे फंक्शन चालव.

माझं फंक्शन काय करतं? ‘मेन’मधली डॉट ईएनव्ही नव्या फोल्डरात आणतं. तिच्यातला पोर्ट बदलून मोकळा पोर्ट घालतं. ब्रँचच्या नावातली तिरकी रेघ काढून तिथे अंडरस्कोर टाकतं आणि त्या नावानं नवा डेटाबेस बनवतं. आम्ही पोस्टग्रेस वापरतो. त्यात एका डेटाबेसला साचा मानून तसाच दुसरा बनवता येतो, फक्त त्या वेळी साच्याला दुसरं कुणी जोडलेलं चालत नाही. म्हणून ‘साचा’ याच नावाचा एक डेटाबेस वेगळा राखून ठेवलाय, त्याला कोणताच सर्व्हर जोडलेला नसतो. शेवटी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवायचं काम मागे सोडून दिलं जातं. ते होईपर्यंत मी कोड वाचायला लागलेली असते. फंक्शन एका स्क्रीनवर मावेल एवढंच आहे आणि आमच्या रेपोखेरीज कुणाच्या कामाचं नाही. तसं ते असायलाही हवं. कोणत्याही तयार प्लगिनला आमच्या डेटाबेसचं नाव ठाऊक असणार नाही.

वर्कट्रीचे स्वतःचे काही नियम आहेत, ते माहीत असलेले बरे. एक ब्रँच एका वेळी एकाच फोल्डरात उघडता येते. दुसरीकडे उघडायला गेलं तर गिट नकार देतं आणि ती कुठे उघडी आहे ते सांगतं. सुरुवातीला याचा राग येतो, पण दोन फोल्डरांतून एकच ब्रँच पुढे सरकली असती तर काय गोंधळ झाला असता, ते लक्षात आलं की राग जातो. स्टॅश मात्र सगळ्या फोल्डरांत मिळून एकच. ‘फीचर’मध्ये ठेवलेला स्टॅश ‘प्रॉड’च्या यादीतही दिसतो आणि तिथे उघडताही येतो. म्हणून वर्कट्री वापरणाऱ्यानं स्टॅशवर नाव लिहिल्याशिवाय तो ठेवू नये. हुक सामाईक असतात, तेव्हा एका फोल्डरासाठी बदललेला हुक सगळीकडे लागू होतो. सबमॉड्यूल असलेल्या रेपोत वर्कट्रीचा आधार अजून पूर्ण नाही, असं गिटच्या कागदपत्रांतच म्हटलंय.

काढून टाकताना तर दोनदा बघावं. आमच्या टीममधल्या एकानं कामं संपली म्हणून फोल्डरं सरळ फाइल मॅनेजरमधून उडवली. फोल्डर गेलं, पण रेपोतली नोंद राहिली आणि ती ब्रँच ‘वापरात आहे’ असंच गिट सांगत राहिलं. ‘प्रून’ ही आज्ञा दिली की अशा अनाथ नोंदी साफ होतात. नाही दिली तर गिट आपल्या सफाईत त्या काढतं, पण मूळ मुदत तीन महिन्यांची आहे. टर्मिनलमधून ‘रिमूव्ह’ म्हटलं आणि कमिट न केलेले बदल असले तर गिट अडवतं. डॉट ईएनव्हीसारख्या दुर्लक्षित फायलींसाठी मात्र ते अडवत नाही. त्या फोल्डराबरोबर जातात. माझ्याकडे मॅजिट फोल्डर कायमचं न पुसता ट्रॅशमध्ये हलवतं, एवढा दिलासा. आणि चुकून मूळ फोल्डरावरच ‘के’ दाबलं, तर सामाईक डॉट गिट जाईल असं सांगून साफ नकार देतं.

ईमॅक्स सगळ्यांनी वापरावा असं माझं अजिबात म्हणणं नाही. आमच्याकडे निओव्हिमवाले आहेत, त्यांच्याकडे वर्कट्रीसाठी स्वतःची प्लगिनं आहेत आणि ती ब्रँच निवडायच्या खिडकीला छान जोडलेली आहेत. व्हीएस कोडमध्ये 2025 मध्ये वर्कट्रीची सोय आतच आली. त्याच सुमाराला या जुन्या आज्ञेला नवं गिऱ्हाईक मिळालं ते एआय एजंटांचं. एकाच वेळी दोन-तीन एजंटांना वेगवेगळी कामं दिली तर त्यांनी एकमेकांच्या फायली तुडवू नयेत, म्हणून प्रत्येकाला वेगळी वर्कट्री दिली जाते. गंमत म्हणजे त्यांनाही डॉट ईएनव्ही आणि डेटाबेसचा तोच अडथळा येतो, आणि आमच्या टीममध्ये तो माझंच फंक्शन टर्मिनलसाठी शेलमध्ये उतरवून सोडवलाय.

तुम्ही एका वेळी एकच काम करत असाल आणि मध्ये कुणी हाक मारत नसेल, तर साधी ब्रँच पुरेशी आहे; फोल्डरं वाढवू नका. पण अर्धवट काम ठेवून दुसऱ्याच्या घाईला धावणं हे तुमच्या नोकरीचंच अंग असेल, तर वर्कट्री आजच करून बघा. फक्त पहिल्याच दिवशी एक यादी लिहून काढा: आपल्या प्रोजेक्टमधल्या कोणत्या गोष्टी गिटच्या बाहेर आहेत? ती यादी तुमच्या एडिटरकडून आपोआप पुरी करून घ्या. एडिटर कोणता, हा त्यानंतरचा प्रश्न.