तुझा तंबोरा मिरजेला नेऊ का?

सातारा, नोव्हेंबरची अखेर

प्रिय सखे,

तुझं पत्र येऊन महिना झाला आणि माझं उत्तर नाही, म्हणून तू तिकडे टोरांटोत गाल फुगवून बसली असशील, हे मला इथं अजिंक्यताऱ्याखाली बसून दिसतंय. फुगव हो. कॉलेजातही असेच गाल फुगवायचीस आणि भेळ आली की विसरायचीस. ही घे तुझी भेळ: आम्ही मिरजेला निघालोय!

शाळेच्या गायन-वादनाच्या गटाची सहल. बावीस मुलं, आम्ही तिघी, चार दिवस, तीन रात्री. औंध, मिरज, कुरुंदवाड, नरसोबाची वाडी, कोल्हापूर आणि घरी. नावं वाचून थांबलीस ना? आपल्या गाण्याच्या गुरू माईंनी आपल्याला नेलं होतं तोच रस्ता, जवळपास तसाच. तासगावच्या अलीकडे जिथं तू खिडकीतून डोकं बाहेर काढून सगळ्या गाडीला थांबवलं होतंस, ते वळणसुद्धा लागणार आहे. मुलांना मी तुझ्या सन्मानार्थ तिथं आवळासुपारी वाटणार आहे.

तुला सांगते, याची सुरुवात जुलैत झाली. बाहेर धो धो पाऊस, दिवे गेलेले. फोनमध्ये तंबोरा लावून आमचा तास चालतो, तर फोनही मेलेला. म्हणून मी कपाटातून तुझा तंबोरा काढला. खोळ उतरवली, मांडीवर घेतला, आणि सातवीतली एक मुलगी पुढं सरकून म्हणाली, “बाई, हा चालू कुठून करायचा?” वर्गात कुणी हसलं नाही, कारण इतरांनाही तोच प्रश्न पडला होता. ही मुलगी रोज पहाटे रियाज करते. प्रवेशिकेची परीक्षा दिली आहे तिनं. काळी चारचा सा झोपेत विचारला तरी देईल. पण तो सा भोपळ्यातून, लाकडातून, तारेतून उठतो हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं, आणि ते न दाखवणाऱ्यांत मी होते. त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी मुख्याध्यापिकांच्या खोलीत जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, मुलांना मिरज दाखवायची आहे.

त्या भल्या आहेत, पण हिशेबी. “एका गल्लीत अख्खा दिवस काय बघणार?” मग मी त्यांना सतारमेकर गल्ली सांगत बसले. तलवारींना धार लावणारे शिकलगार, लढाया संपल्यावर काम उरलं नाही तेव्हा त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी मोडकी वाद्यं दुरुस्त करता करता तंबोरा घडवायला घेतला, ही एकोणिसाव्या शतकातली गोष्ट. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. ते महिनोन्‌महिने वाळवायचे, कापायचे, भिजवून आकार द्यायचा, तुणीच्या लाकडाचा गळा आणि दांडी जोडायची, तबली बसवायची. मशीन जवळपास नाहीच, हात आणि कान. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, हेही सांगितलं. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, “आणि सुरात आणतात कसा?” मी म्हटलं, “तेच तर बघायला जायचंय.” सही झाली!

पालकसभेत तू हवी होतीस गं. एका वडिलांनी विचारलं, वाटेत वॉटरपार्क घेता येईल का. एका आजींनी चार दिवसांच्या दशम्या मी देते म्हणून हात वर केला, आणि त्यांच्यामागून आणखी तीन आज्यांनी. आता आपल्याकडे बावीस मुलांना पुरून उरतील इतक्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि एक बरणी लोणचं नक्की झालंय. सगळ्यात गोड प्रश्न एका आईचा: “तंबोऱ्याला हाफ तिकीट पडेल का?” तू मागच्या पत्रात लिहिलं होतंस ना, लेकीच्या शाळेचा वाद्यवृंद विमानानं जातो तेव्हा चेलोसाठी वेगळी खुर्ची घेतात, ते मी तिथं सांगितलं. त्या आई गंभीरपणे म्हणाल्या, “बरोबर आहे, नाजूक माणूस आहे तो.”

एस.टी. शालेय सहलींना निम्म्या भाड्यात गाडी देते, म्हणून खर्च आवाक्यात आला. तरी चार मुलांच्या घरी तेवढेही पैसे नव्हते. ते कुणाचे आणि कुणी भरले हे मुलांपर्यंत जाऊ दिलं नाही; तुलाही सांगत नाही. दिवसाउजेडीच प्रवास करायचा, मुक्काम अंधाराआधी गाठायचा, वाडीच्या घाटावर पाण्याच्या पायरीला कुणी पाय लावायचा नाही, हे सगळं मी मुख्याध्यापिकांना लिहून दिलंय. त्या बाबतीत त्या जितक्या कडक, तितकी मी निश्चिंत. कुणाची तरी लेकरं घेऊन चाललोय आपण.

तारखांचा मात्र घोळ झाला होता. मी उत्साहात डिसेंबरचा पहिला आठवडा धरला आणि वाडीला फोन केला तर पलीकडचे गृहस्थ हसायलाच लागले. दत्तजयंती! उभं राहायला जागा मिळायची नाही, तुम्ही झोपायला मागताय. मग सगळं आठ दिवसांनी पुढं ढकललं, गाडीचा अर्ज नवा, संमतिपत्रं नवी. मुलांनी मिळालेल्या आठ दिवसांत भूपाचा तराणा पक्का केला, त्यामुळे दत्तगुरूंचे उपकारच.

पहिला मुक्काम औंध नाही, पण पहिला थांबा तोच. यमाईच्या पायऱ्या, संग्रहालयातली चित्रं, आणि मग अंतूबुवा जोशींनी १९४० मध्ये सुरू केलेला उत्सव जिथं आजही होतो ती जागा. तिथं आपण रात्रभर बसलो होतो, तू माझ्या खांद्यावर झोपलीस आणि भैरवीला जागी होऊन म्हणालीस, “काय गायले!” हे मी कुणाला सांगितलेलं नाही अजून.

मी मुलांना एक धागा हातात देणार आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरची गायकी शिकून आले, मिरजेत राहिले. अंतूबुवा त्यांच्याकडं शिकले. आणि कुरुंदवाडचा एक मुलगा, फटाक्यानं डोळे अधू झाले म्हणून उपचाराला मिरजेत आला आणि बुवांच्या हाती लागला. तो मुलगा विष्णू दिगंबर पलुसकर. त्यानं १९०१ मध्ये थेट लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडलं. आपली प्रवेशिका, मध्यमा, विशारद, ते निळ्या शाईचे फॉर्म, परीक्षकांसमोर तुझा घसा कोरडा पडणं, सगळं तिथून आलंय. ही तीन गावं एकाच गाडीत, एकापाठोपाठ बघितली की इतिहासाच्या पुस्तकातल्या ओळीला रस्ता आणि धूळ मिळते. मुलं परीक्षेच्या फॉर्मवर नाव लिहितात तेव्हा त्यामागं कुरुंदवाडचं एक घर आहे हे त्यांना ठाऊक हवं, असं मला फार वाटतं.

सांगलीवरून जाताना मोगूबाईंची गोष्ट सांगायची ठरवली होती, पण राहवलं नाही, वर्गातच सांगून टाकली. पोरसवदा वयात त्या सांगलीत रियाज करत बसायच्या, आणि रस्त्यावरून जाता-येता अल्लादिया खाँसाहेब ऐकायचे. एक दिवस आत आले आणि शिकवू लागले. दुसऱ्या दिवशी मी तासाला गेले तर पोरांनी रस्त्याकडच्या सगळ्या खिडक्या उघडून ठेवलेल्या! समोरून भाजीवाला ओरडत होता, पण एकानंही खिडकी लावू दिली नाही.

मिरजेत दुपारी दर्ग्यात जाणार. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या कबरीपाशी मुलं काहीही गाणार नाहीत, नुसती बसतील, असं आम्ही ठरवलंय. १९३७ मध्ये पाँडिचेरीच्या वाटेवर अस्वस्थ वाटलं म्हणून ते एका लहान स्टेशनावर उतरले, तंबोरा जुळवून घेतला, प्रार्थना म्हणून गायले आणि तिथंच गेले. हे ऐकल्यावर वर्गातला सगळ्यात वात्रट मुलगा म्हणाला, “म्हणजे शेवटचं काम त्यांनी तंबोरा लावायचं केलं.” माई असत्या तर त्याला जवळ घेतलं असतं.

कोल्हापूरबद्दल मुलांचे दोन पक्ष आहेत, एक पांढऱ्या रश्श्याचा आणि एक मिसळीचा. मला काळजी आहे ती वेगळीच. केशवराव भोसले नाट्यगृह आठवतं ना? शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ चं. पडद्यामागं उभं राहून तू माझा हात इतका घट्ट धरला होतास की बांगडी वाकली. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. मी त्या बातमीनंतर दोन दिवस गायले नाही. तरी मुलांना बाहेरून का होईना, ती जागा दाखवणार. देवल क्लबलाही पत्र पाठवलंय, १८८३ पासूनची संस्था, मुलांना तिथं अर्धा तास बसून ऐकायला मिळालं तरी पुष्कळ. उत्तराची वाट बघतेय.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसले, ते.

आठवीत एक मुलगा आहे. गेल्या वर्षापर्यंत त्याचा आवाज असा होता की प्रार्थनेला शिपाईमामा झाडू थांबवून उभे राहायचे. मे महिन्यात त्याचा आवाज फुटला. जूनमध्ये पहिल्याच तासाला तार सप्तकात गेला आणि आवाज चिरकला, मुलं हसली, तो दप्तर घेऊन निघून गेला. दोन आठवडे आला नाही. मी घरी गेले, त्याला म्हटलं, गाऊ नकोस, तंबोरा धर. वर्षभर फक्त तंबोरा. तोवर आवाज आपल्या जागी बसेल.

तुला सांगते, असा कान मी वीस वर्षांत बघितला नाही. खुंटी पिळतो, मणी सरकवतो, डोळे मिटून जोडीच्या तारांवर बोट ठेवतो, आणि पंचम असा लागतो की भिंत गाते. तुझा तंबोरा आता तोच पुसतो, तोच खोळीत घालतो. एस.टी.त तो कुणी मांडीवर घ्यायचा याची सगळ्यांनी चिठ्ठी काढायची म्हटली, तर हा काही न बोलता तंबोऱ्यापाशी जाऊन बसला. चिठ्ठ्या फाडून टाकल्या.

मागच्या मंगळवारी तास संपल्यावर तो थांबला. “बाई, हा खर्जात घोगरा बोलतोय. माझ्यासारखा. त्याचाही आवाज फुटलाय का?” मी वाजवून बघितला. खरंच आहे ते. सुताची जागा कुठंही सरकवली तरी खर्ज उमलत नाही, नुसता भुणभुणतो. घोडी झिजली आहे, तारांनी तिच्यात चर पाडलेत. तारांखालची ती घोडी घासून जवारी लावून घ्यायला हवी.

मला आठवतंय तू जाताना काय म्हणाली होतीस. सगळं सामान बांधून झाल्यावर तंबोरा माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, वाजव, मुलांना दे, पण घोडीला कुणाला हात लावू देऊ नकोस. माईंनी त्या म्हाताऱ्या कारागिरांसमोर चार तास बसून ती जवारी लावून घेतली होती, आणि आपण दोघी दारात चुरमुरे खात होतो. मी आजवर शब्द पाळला. पण माईंनी लावलेला तो स्वर आता त्या घोडीत राहिलेला नाही गं. मीच ऐकत होते तो इतके दिवस, आठवणीतून. या मुलानं जे होतं ते ऐकलं.

घोडी बदलायची नाही, तीच ठेवायची. कारागिराला नुसती घासून, कानसीनं हलकेच, जवारी उघडायला सांगेन. मुलं भोवती बसतील, एकेकदा घासलं की तार छेडून बघतील, आणि बंद तार अचानक बोलायला लागते तो क्षण बावीस जण आपल्या कानांनी ऐकतील. सहलीचं सगळं नियोजन, अर्ज, दशम्या, त्या एका क्षणासाठी आहे. तो दुसऱ्या कुठल्या तंबोऱ्यावरही दाखवता येईल, दुकानात पन्नास असतात. पण हा ते रोज धरतात. आणि त्या मुलाला तो मिरजेहून मोकळा होऊन परत येताना बघायचाय.

तू नाही म्हणालीस तर नेईन आणि तसाच परत आणीन, रागावणार नाही. पण गाडी १२ तारखेला सकाळी सहाला सुटते. त्याआधी मला एका ओळीत कळव, नेऊ का.

तुझी,
मी