पिंगियाची परत-यात्रा

औंढा नागनाथाचें दर्शन घेऊन आम्ही सिद्धेश्वरच्या धरणावर गेलों, तेव्हां दिवस कलला होता. समोर पूर्णेचें अडविलेलें पाणी स्थिर होतें. हीच पूर्णा पुढें परभणी जिल्ह्यांत गोदावरीस मिळते. त्या पाण्याकडे पाहतां पाहतां आम्हांस गोदातीरच्या एका वृद्ध भिक्षूची आठवण झाली. त्याची कथा पालि सुत्तनिपाताच्या शेवटच्या वर्गांत आहे. धर्मानंद कोसंबींनीं त्या ग्रंथाचें मराठी भाषांतर केलेलें आहे.

हिंगोली जिल्हा १९९९ सालीं परभणीपासून वेगळा झाला. बुद्धकाळीं मात्र गोदेच्या खोऱ्यांत अश्मक व मूलक हीं जनपदें होतीं. पैठण हें मूलकाचें नगर. अश्मकाचें पोतन म्हणजे तेलंगणांतील बोधन, असें विद्वान् मानतात. या दोहोंच्या सीमेवर, गोदातीरीं, बावरी नांवाचा वेदपारंगत ब्राह्मण कोसलांतून येऊन राहिला होता.

त्यानें महायज्ञ करून सर्व धन वांटून टाकिलें. इतक्यांत धुळीनें माखलेला एक ब्राह्मण येऊन पांचशें नाणीं मागूं लागला. देण्यास कांहींच उरलें नव्हतें. तेव्हां त्यानें शाप दिला, कीं सातव्या दिवशीं तुझ्या मस्तकाचीं सात शकलें होतील. बावरी अन्न सोडून बसला. मग एका देवतेनें सांगितलें, कीं या शापाचें मर्म जाणणारा शाक्यपुत्र उत्तरेस आहे. एकशें वीस वर्षांच्या त्या आचार्यानें आपले सोळा शिष्य तिकडे पाठविले. ‘मला हें ठाऊक नाहीं’ असें शिष्यांसमोर म्हणणें किती अवघड, हें आम्ही वर्गांत पुष्कळदां अनुभविलें आहे. आणि पुष्कळदां तें आमच्यानें झालें नाहीं.

पैठण, माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा, कौशांबी, श्रावस्ती, वैशाली अशी वाट चालून ते मगधांत पोंचले. बुद्धांनीं सांगितलें, कीं अविद्या हेंच मस्तक आणि विद्या तें फोडते. शापाचें भय तेथेंच संपलें. मग प्रत्येकानें आपला प्रश्न विचारला. सर्वांत शेवटीं पिंगिय पुढें आला. तो अतिवृद्ध, दृष्टि अंधुक, कान जड. मोहांत मरण येऊं नये, एवढेंच त्याचें मागणें. बुद्धांनीं त्यास तृष्णा सोडण्यास सांगितलें.

अट्ठकथेप्रमाणें पिंगिय हा बावरीचा भाचा. उपदेश ऐकतांना त्याच्या मनांत आलें, कीं हे बोल माझ्या मामाच्या कानीं पडले नाहींत. तेवढ्या विचारानें चित्त विचलित झालें आणि इतर सोबती अर्हत् झाले असतां तो एक पायरी खालीं राहिला. त्या जीर्ण देहानें तो पुन्हां गोदातीरीं आला व ऐकलेलें सर्व त्यानें मामास सांगितलें. अशा गुरूपासून दूर कसा राहतोस, असें बावरीनें विचारिलें. देह थकला तरी मन अहोरात्र तेथेंच आहे, असें त्याचें उत्तर. तेव्हां बुद्धांची प्रभा दोघांसमोर प्रकटली, पिंगिय अर्हत् झाला आणि बावरीसही फळ मिळालें, अशी कथा आहे.

याच जिल्ह्यांतील नर्सीच्या नामदेवांसही औंढ्यास विसोबा खेचरांपुढें नम्र व्हावें लागलें, अशी परंपरा आहे. औंढ्यास जाणाऱ्या वाचकांनीं पूर्णेकांठीं घटकाभर बसावें आणि या मामा-भाच्यांचें स्मरण करावें. अंधार पडेपर्यंत आम्ही तेथेंच बसलों होतों.