केसपेपर

दवाखान्याच्या खिडकीतून मिळणारा केसपेपर घडी घालून खिशात मावतो; परंतु माणसाने सख्ख्या भावालाही न सांगितलेली गोष्ट त्यावर लिहिलेली असते. ती गोष्ट कुणी, कुणाला सांगावी, हा प्रश्न मला फार दिवस अस्वस्थ करीत आला आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १९९८ च्या निकालात ज्यांना केवळ 'मिस्टर एक्स' म्हटले, ते नागालँडमधील एक डॉक्टर. १९९५ मध्ये एका रुग्णासोबत ते मद्रासला गेले. शस्त्रक्रियेसाठी त्यांचे रक्त घेतले गेले आणि तपासणीत एचआयव्हीची लागण आढळली. इस्पितळातून ती वार्ता बाहेर गेली. ठरलेला विवाह मोडला. लोकांच्या बहिष्कारामुळे कोहिमा सोडून त्यांना मद्रास गाठावे लागले. न्यायालयाने इस्पितळाला दोष दिला नाही. वाग्दत्त वधूच्या जिवाला धोका असताना गुप्ततेचे बंधन सैल होते, असा निर्णय दिला. वधूपुरते ते मला पटते. परंतु अख्ख्या गावाला कळण्याचे काय कारण होते? २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने ही मर्यादा पुष्कळ नीट आखली. जोडीदाराला सांगायचे झाले तरी ते डॉक्टर वा समुपदेशकानेच, आणि तेही समक्ष.

हे सारे आठवण्याचे निमित्त आमच्या आळीतील एक मुलगी. तिला क्षय झाला. २०१२ पासून क्षयरुग्णाची नोंद सरकारी आरोग्ययंत्रणेकडे करणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि ते योग्यच. परंतु तिच्या रिपोर्टचा फोटो एका नर्सिंग होममधून थेट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला. महिन्याभरात ती बरी होऊ लागली, तरी शेजारणी तिच्या घरचा चहा घेईनात.

तिच्या आईसोबत मी तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे गेलो. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, तेथे विनामूल्य वकील मिळतो. आपल्यातील किती घरांना हे ठाऊक आहे? (वकील म्हटला की जमीन विकावी लागते, ही आपली जुनी समजूत.) वकीलबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, तो मेसेज पुसून तर टाकला नाहीत ना?" मग त्यांनी रीत समजावली. इस्पितळाकडे कागदपत्रांच्या प्रती लेखी मागाव्यात. २००२ च्या वैद्यकीय नियमावलीप्रमाणे डॉक्टरांनी त्या ७२ तासांत द्यायच्या असतात. डॉक्टरांनीच गुपित फोडले असेल, तर तक्रार वैद्यकीय परिषदेकडे. नुकसानभरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग. मात्र घटनेपासून दोन वर्षांच्या आत.

आईचा धीर सुटत होता. "पुन्हा चारचौघांत तेच उगाळायचे ना?" असे ती म्हणाली. मुलगी मात्र म्हणाली, "आई, चारचौघांना आधीच ठाऊक आहे. आता ज्यांनी सांगितले त्यांना विचारू या." वकीलबाईंनी कागद पुढे ओढला आणि मेसेजची तारीख व वेळ लिहून घेतली.