हुशार आहे, पण लक्ष देत नाही

पालकसभेत शिक्षकांच्या तोंडून सर्वांत जास्त वेळा निघणारं वाक्य कोणतं, असं विचारलं तर प्राथमिक शाळेतला कुणीही शिक्षक हसून हेच सांगेल. वाक्य सोयीचं आहे. पालक निम्मा सुखावतो, शिक्षकाची सुटका होते आणि घरी गेल्यावर मुलाला थोडी बोलणी बसतात. उद्यापासून काय वेगळं करायचं, हे मात्र तिघांपैकी कुणालाच कळलेलं नसतं. पुण्यातल्या शाळांतून घरी जाणारे निरोप चाळून पाहिले तर बहुतेक शाळेविषयीचे असतात, शिकण्याविषयीचे नसतात: उद्या पांढरा गणवेश, शनिवारी सकाळची शाळा, आधार कार्डाची झेरॉक्स, वृक्षदिंडीचे फोटो. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप दिवसभर वाजत असतो, पण आपल्या मुलाला जोडाक्षरं वाचता येतात की नाही याचा त्यात पत्ता नसतो. शिकण्याची बातमी शेऱ्याने देता येत नाही, असं माझं मत आहे. ती मुलाचं काम समोर ठेवूनच देता येते: एवढं जमलंय, इथे अडलंय, आणि घरी करण्यासारखं एक काम हे आहे.

हा काही हौशी शिक्षकांचा जास्तीचा उद्योग नव्हे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २४व्या कलमात शिक्षकाची कर्तव्यं दिली आहेत. पालकांच्या नियमित सभा घेऊन त्यांना मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि शिकण्यातली प्रगती सांगणं हे त्यांत अभ्यासक्रम पूर्ण करण्याच्याच पंक्तीला बसवलेलं आहे. महाराष्ट्राने ऑगस्ट २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं, तेव्हा त्याचा जीव वर्णनात्मक नोंदींत होता. रोजच्या निरीक्षणातून या मुलाविषयी जे दिसलं ते लिहा, एवढीच अपेक्षा होती. मग तयार नोंदींच्या पुस्तिका निघाल्या, त्यांच्या पीडीएफ फिरू लागल्या, आणि पटावरच्या क्रमाने वाक्यं वाटून टाकली की रजिस्टर भरू लागलं. 'परिपाठात उत्साहाने सहभागी होते.' 'गणिती क्रिया आवडीने करतो.' दोन मुलांची पानं आपसांत बदलली तरी कुणाच्या लक्षात येणार नाही.

आता तिसरीतल्या मुलीच्या वहीत नेहमी दिसणारं एक गणित घ्या. ४२ मधून १७ वजा करायचे आहेत आणि उत्तर लिहिलंय ३५. फुली मारून पुढे गेलं तर कळतं एवढंच की गणित चुकलं. नीट पाहिलं तर दिसतं की एककाच्या घरात २ मधून ७ जात नाहीत, म्हणून तिने ७ मधून २ काढलेत. दशकाची वजाबाकी बरोबर आहे, मांडणी बरोबर आहे, पाठांतरही पक्कं आहे. हातचा घेणं म्हणजे एक दशक मोडून त्याचे दहा सुटे करणं, एवढंच तिच्यापर्यंत पोचलेलं नाही. 'गणितात कच्ची आहे' असं घरी कळवलं तर आई तिला आणखी पन्नास गणितं घालेल, आणि हातच्याची सगळी त्याच रीतीने चुकतील. तीच वही समोर ठेवून सांगितलं की दहाच्या चार नोटा आणि दोन सुटे रुपये हिच्या हातात द्या आणि सतरा रुपये मागा, तर भाजीच्या गाडीवर उभ्या राहणाऱ्या आईला पुढचं शिकवायला कोणी लागत नाही. सुट्ट्यांचा हिशोब तिला आपल्यापेक्षा चांगला येतो. वाचनाचंही असंच आहे. एखादा मुलगा फक्त रफार गिळतो, 'सूर्य'चं 'सूय' करतो. बाकी उतारा तो धडधड वाचत असतो. 'वाचनात सुधारणा आवश्यक' या शेऱ्याने त्याच्या धडधड वाचण्यावरही पाणी पडतं.

जुन्या पुण्यात ही बातमी वेगळी कळवावी लागत नव्हती, कारण शिकणं कानावर पडत होतं. पंतोजींच्या शाळेत पावकी-निमकी मोठ्याने घोकली जायची आणि तिन्हीसांजेला घरी परवचा म्हटला जायचा. नातवाची गाडी अडीचकीत कुठे अडते, हे अक्षरओळख नसलेल्या आजीलाही कळायचं. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचं कारण नाही. ती घोकंपट्टीची होती आणि मोजक्या जातींतल्या मुलग्यांपुरती होती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा काढून ते कुंपण मोडलं, पण शिकणं चारचौघांत दाखवण्याची रीत टाकली नाही. १८५०च्या दशकाच्या आरंभी त्यांच्या शाळांच्या परीक्षा जमलेल्या लोकांसमोर होत असत. मुलींना शिकवून काय होणार, असं म्हणणाऱ्या शहराला त्यांनी मुलींचं वाचणं ऐकवलं. पुढे प्रगतिपुस्तक आलं, त्यात आकडे आले, मग अ-१, ब-२ अशा श्रेणी आल्या. त्यांची सोय मोठी आहे, पण त्यांतून मूल ऐकू येत नाही.

बातमी दिली की सगळं आपोआप सुधारतं, असा भाबडेपणाही नको. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात 'प्रथम' संस्थेबरोबर अर्थतज्ज्ञांनी एक मोठा प्रयोग केला होता. काही गावांत सभा घेऊन शिक्षण समितीचे अधिकार समजावले, काही गावांत लोकांनाच मुलांचं वाचन तपासायला शिकवलं. सरकारी शाळांत फारसं काहीच हललं नाही. जिथे त्यापुढे जाऊन गावातल्या तरुणांना वाचनाचे वर्ग घ्यायला शिकवलं, तिथे त्या वर्गांना बसलेली मुलं वाचू लागली. करोनाकाळात बोट्स्वानामध्ये घरोघरी गणिताचे मेसेज पाठवले गेले. नुसत्या मेसेजने फरक पडला नाही. सोबत आठवड्याला पंधरा-वीस मिनिटांचा फोन केला तिथे पडला. मलावीतल्या अभ्यासातून दिसलं की आपलं मूल शाळेत कितपत करतंय याचा पालकांचा अंदाज बराच चुकतो, आणि कमी शिकलेल्या घरांत जास्त चुकतो. खरी पातळी सांगितल्यावर पालकांनी मुलाच्या कुवतीची पुस्तकं निवडली, हे चांगलंच झालं. पण पुढच्या शिक्षणाचा विचार करताना कल वरचढ ठरलेल्या मुलांकडे झुकला. म्हणून मला नुसती पातळी कळवण्याची भीती वाटते. 'मागे आहे' एवढंच कळलेलं घर क्लास लावतं, मारतं किंवा आशा सोडतं. 'हातचा अडलाय' हे कळलेल्या घराला निदान काहीतरी करता येतं.

यावर पहिली हरकत येते की पालकांना मार्कच हवे असतात. हवे असतात, खरंच. दुसरं काही त्यांच्या हाती पडतच नाही, हेही खरं. मार्कांची चिंता अनाठायी आहे असंही म्हणता येत नाही: २०२३-२४ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली, आणि पुनर्परीक्षेतही न जमल्यास मूल त्याच वर्गात राहू शकतं. चार वर्षं छापील कौतुक वाचलेल्या घराला पाचवीत हे कळावं, याला फसवणूक म्हणावं लागेल. दुसरी हरकत म्हणजे 'आमच्याकडचे पालक येतच नाहीत.' सकाळी अकराची सभा म्हणजे धुणीभांडी करणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या किंवा बांधकामावर जाणाऱ्या पालकाचा खाडा. न येण्याला उदासीनता म्हणण्याआधी सभेची वेळ पाहावी. २०२२ पासून 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारीच्या अभियानात माता पालक गट उभे राहिले. फारशा न शिकलेल्या बायाही वस्तीतच एकत्र बसून मुलांकडून कृती करून घेऊ लागल्या. इंग्रजी माध्यमात तर गंमतच असते. शेरा इंग्रजीत असतो आणि तो आईला वाचून दाखवायचं काम ज्याच्याविषयी तो आहे त्याच्यावरच येतं. अनुवाद सहसा आरोपीच्या बाजूने होतो.

तिसरी हरकत शिक्षकांची, आणि ती सर्वांत वजनदार आहे. मतदारयादीसाठी बीएलओची ड्युटी, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहित्या, त्यात कायद्यातल्या तीसच्या पुढे गेलेला पट. हे सांभाळून प्रत्येक घराशी बोलायचं कधी? प्रत्येकाशी रोज बोलायचं नाहीच. रोज तीन मुलं घेतली तर तिसांचा वर्ग दोन आठवड्यांत होतो: वहीचं एक पान किंवा वाचनाचं अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग, सोबत दोन वाक्यं, आणि तेही ग्रुपवर नव्हे, त्या घरालाच. हा वेळ तयार नोंदी उतरवण्यातून काढावा. नवं समग्र प्रगतिपत्रक मुलाचं, वर्गमित्राचं आणि पालकाचंही मत मागतं. पालकाची चौकट शिक्षकानेच आदल्या रात्री भरायची वेळ येऊ नये असं वाटत असेल, तर पालकाने मत देण्याइतकं काम त्याआधी पाहिलेलं हवं.

आणि हे वेळेत व्हायला हवं. आपल्याकडे प्राथमिकचा निकाल लावायचा दिवस परंपरेने १ मे. ध्वजवंदन होतं, प्रगतिपुस्तक हातात पडतं आणि शाळेला कुलूप लागतं. जूनमध्ये वर्ग बदलतो, बऱ्याचदा शिक्षकही बदलतो. रफार अडल्याची बातमी नवरात्राच्या सुमारास घरी पोचली, तर दिवाळीची सुट्टी आणि अख्खं दुसरं सत्र हातात उरतं.