लग्नाला बोलावणं लागतं

हमीद दलवाईंचं नाव निघालं की बोलणं लगेच तीन तलाक, 1966 चा सात स्त्रियांचा मोर्चा आणि 1970 चं मुस्लिम सत्यशोधक मंडळ यांच्याकडे वळतं. त्यांना डोक्यावर घेणारे असोत की शिव्या देणारे, ‘इंधन’ वाचलेला माणूस त्यांच्यात क्वचितच भेटतो. 1965 साली आलेली ही कादंबरी मला मात्र त्यांच्या भाषणांपेक्षा जवळची वाटते.

गोष्ट अशी : हृदयविकारातून उठलेला एक माणूस बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी येतो. धर्म त्याने कधीच बाजूला ठेवलाय आणि वडिलांशी दुरावा आहे. गावातले मुसलमान, कुळवाडी, ब्राह्मण, महार यांची जुनी घडी विस्कटत चालली आहे. हा सगळ्यांना ओळखतो, पण कुणाच्याच बाजूचा नाही. शेवटी जुने हेवेदावे पेट घेतात आणि त्याच्या हातात काहीच उरत नाही.

या माणसाला कुणी गावाबाहेर काढलेलं नाही. तो आपल्याच घरात परका आहे, आणि हा एकटेपणा हाकलून दिलेल्यापेक्षा कठीण. हाकललेला माणूस निदान दुसरं गाव शोधतो.

असा एक माणूस मी मोहन्यात पाहिला. एनआरसी चालू होती तेव्हा कोकणातून इथे नोकरीला आलेली आमच्यासारखी घरं होती. आमचे एक खालू त्यांतलेच. नात्यातल्या एका मुलीचा तोंडी तलाक त्यांनी मानला नाही. तिला स्वतःच्या घरी आणलं. त्यानंतर त्यांना दावती येईनाशा झाल्या. कुणी भांडलं नाही, फक्त बोलावणं थांबलं. खालू मात्र प्रत्येक मय्यतीला सगळ्यांच्या आधी हजर. जनाज्याला खांदा देणार, कबरीवर माती टाकणार आणि मुकाट घरी जाणार. अम्मीने एकदा विचारलं, “कशाला जाता त्यांच्याकडे?” ते म्हणाले, “लग्नाला बोलावणं लागतं, मय्यतीला लागत नाही.”

सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने 2016 साली कायदा केला. वाळीत टाकणं आता गुन्हा आहे. हा कायदा हवाच होता. पण न आलेल्या आमंत्रणाची फिर्याद कोणत्या पोलीस ठाण्यात द्यायची?

मी नमाज पढतो. दलवाई पढत नव्हते आणि त्यांची बरीच मतं मला पटत नाहीत. 1977 मध्ये, वयाच्या अवघ्या 44 व्या वर्षी ते गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे दफन न होता दहन झालं. त्यावर आजही लोक तावातावाने बोलतात. बोलोत. ज्या समाजाशी ते जन्मभर भांडले, त्याच्यापासून त्यांनी पाठ फिरवली नाही, हे मी विसरू शकत नाही. खालूही असेच होते, फक्त त्यांनी पुस्तक लिहिलं नाही.

तुमच्या जमातीत, वाडीत, सोसायटीत कुणाला बोलावणं बंद झालं असेल, तर ‘इंधन’ जरूर वाचा. पण आधी त्या माणसाच्या घरी चहाला जाऊन या.